बिब्ब्याचा म्हणून सोडलेला डाग

आजारातून उठल्यावर शाळेतल्या एक सहकारी बाई म्हणाल्या, "लिहून काढा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." उपयोगी पडेल असं त्यात काय आहे, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता थोडं सांगता येईल असं वाटतं, म्हणून लिहिते आहे. रोज थोडं लिहिते. अजून एका बैठकीत फार होत नाही.

आवणीचा ताप

मी मुरबाड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. राहते वैशाखऱ्याला. गेल्या वर्षी घरात आम्ही चौघं, माझे पती जनार्दन, धाकटे दीर किसन, त्यांची बायको सुमन आणि मी. आम्हाला मूल नाही. सुमनचे दोघे मुलगे शहापूरला, माझ्या माहेरी राहून शिकतात.

भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. त्या दिवसांत सकाळपासून अंधार पडेपर्यंत चिखलात वाकून काम असतं. अंगावर ओले कपडे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, धरलेली कंबर. प्रत्येक घरात कुणाला तरी ताप येतो आणि दोन दिवसांत उतरतो. त्याला आवणीचा ताप म्हणतात. त्यावर औषध म्हणजे गवती चहा आणि घोंगडी. हे इतक्या वेळा खरं ठरलेलं होतं की एखाद्या वेळी ते खरं नसेल, असं कुणाच्या मनात येत नसे.

गेल्या वर्षीच्या आवणीत जनार्दनना ताप आला.

"आवणीचाय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

किसनभावजीही तेच म्हणाले. बांधावरून विचारपूस करणाऱ्यांनीही तेच म्हटलं. मग डोळे लाल झाले. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की चादर लागलेली सोसेना. लघवी होईना. मुरबाडहून कल्याणला नेलं. डॉक्टरांनी लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, सांगितला आणि उशीर झाल्याचंही सांगितलं. त्याच आठवड्यात ते गेले आणि आम्ही त्यांना परत आणलं. राहिलेली आवणी शेजाऱ्यांनी पुरी केली.

याहून जास्त लिहून त्यात काही भर पडत नाही.

फक्त एक गोष्ट पुढे लागणार आहे, ती इथेच सांगते. आवणीच्या तोंडावर आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर गोळ्या देऊन गेल्या होत्या. लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, जेवल्यावर घ्यायच्या. किसनभावजींनी आपली गोळी पहाटे अनशापोटी घेतली, शेतावर गेले आणि बांधावर ओकले. घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "ह्या गोळीनं उलटी व्हते. कोनी घेव नका." बाकीच्या गोळ्या चहा पावडरीच्या रिकाम्या डब्यात गेल्या. जनार्दननी त्यांतली एकही घेतली नाही.

घरातला दुसरा नियम

ते गेल्यानंतर घरात कुणी शिंकलं तरी सुमनचा चेहरा उतरायचा. किसनभावजींना एकदा उन्हातून आल्यावर कणकण वाटली, तर त्यांना तसंच जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं. रक्त तपासलं, काही निघालं नाही. मी लेप्टोवर जे मिळेल ते वाचत होते. रात्री पुस्तक मिटलं तरी तेच डोक्यात असायचं. त्याची लक्षणं मला धड्यासारखी पाठ झाली होती. एका मरणाने आमचा जुना नियम मोडला होता आणि त्याच्या जागी आम्ही तेवढाच मोठा दुसरा नियम बसवला होता. आधी कुठलाही ताप आवणीचा होता. आता कुठलाही ताप लेप्टोचा होता.

माळावर

नवरात्राच्या तोंडावर माळावरचं गवत कापायला आलं. आमच्याकडे भाताबरोबर गवताचंही पीक मानतात. ते कापून, वाळवून, भारे बांधून तबेल्यांना जातं. माळाचं काम जनार्दन बघायचे. मी लग्न होऊन आल्यापासून तिथे कापणीच्या दिवसांत कधी गेले नव्हते. त्या रविवारी गेले. मजूर एका टोकाला कापत होते. मी दुसऱ्या टोकाला, न कापलेल्या गवतात एका दगडाला टेकून बसले. समोर नाणेघाटाचा अंगठा म्हणतात तो कडा दिसत होता. बराच वेळ बसले. कुणी बोलवायला आलं नाही, ते बरं वाटलं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी मला ताप आला.

डोकं असं दुखत होतं की पापणी हलवणंही नको वाटे. अंगात ठणका. सुमनने तिचं नेहमीचं केलं. तिचा बिब्ब्यावर फार विश्वास. टाचेला भेग पडली, बिब्बा. पाय मुरगळला, बिब्बा. कंबर धरली, बिब्बा. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. त्याचे ठिपके तिने माझ्या पोटऱ्यांवर काढले. मी ग्लानीत होते, नको म्हणण्याइतकी ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडी बदलताना तिला माझ्या कमरेच्या मागे, परकराच्या नाडीखाली, एक काळी खपली दिसली. भोवती लालसर कडं होतं.

"बिब्बा उतलाय जनू," ती म्हणाली. बिब्बा कातडीला सोसला नाही की ती जागा भाजल्यासारखी होते, त्याला उतणं म्हणतात.

"असेल," मी म्हटलं.

एवढंच आमचं बोलणं झालं.

न्यायचं की नाही

ताप उतरेना तेव्हा कल्याणचा विषय निघाला. मी आतल्या खोलीत पडले होते. दाराला नुसता पडदा होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"त्या दवाखान्यात मी वयनीला न्याचा नाय," किसनभावजी म्हणत होते. "तिथं नेलेला मानूस परत येत नाय."

"माझी दोनी पोरं तिथंच झाली," सुमन म्हणाली. "ती काय तिथंच ठेवून आलो आपन?"

"तुझा इषय येगला."

"कसा येगला? मानूस तिथं गेल्यानं मरतो का? उशिरा गेल्यानं मरतो."

मग भावजींचा आवाज आला, पण पार बदललेला. "दादाला मी उचलून आत नेला व्हता सुमन. मला त्या दारातून पुना जाववत नाय गो."

"तुमी दारात थांबा. मी जाते आत."

सकाळी जीप आली. भावजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि कल्याण येईपर्यंत एकदाही मागे वळले नाहीत. पण दारात थांबले नाहीत. आत आले, स्ट्रेचरचा एक दांडा धरून आले.

मी काय सांगितलं

भरती करून घेताना एक तरुण डॉक्टर बाई समोर होत्या. बोलण्याची ढब मराठवाड्याची. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "मला लेप्टो झालाय."

"कशावरून?"

मी सगळं सांगितलं. जनार्दनचं, पोटऱ्यांचं, चिखलाचं. मी शिक्षिका आहे, वाचलेलं नीट मांडून सांगता येतं. माझे डोळेही थोडे लाल होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "अंगावर पुरळ, जखम, काही डाग?"

"पोटऱ्यांवर बिब्ब्याचे आहेत. कमरेवर एक आहे, तोही बिब्ब्याचाच."

त्यांनी साडी घोट्यापाशी थोडी वर करून पाहिली. ठिपके दिसले. त्या हसल्या. "आमची आजीपण लावायची. घरभर तेलकट वास." आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

त्या क्षणाचा मी पुढे बराच विचार केला. बिब्बा माहीत नसलेला कुणी डॉक्टर असता, तर हे काय आहे म्हणून त्याने कमरेवरचा डागही पाहिला असता. आम्हा दोघींना बिब्बा चांगला माहीत होता, म्हणून आम्ही पाहिलं नाही. आणि मी त्यांना खपली, तिचा काळा रंग, भोवतीचं लाल कडं, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त त्याचा लावलेला अर्थ सांगितला होता, तोही सुमनचा.

खाट

वॉर्डातला दिवस सगळ्यांचा सारखाच जातो. पहाटे रक्त घेतात. मग फरशी पुसतात, तेव्हा नातेवाइकांना बाहेर काढतात. मग चहा. मग डॉक्टर येतात तो वेळ, ज्याच्यासाठी सगळे केस विंचरून बसतात. त्यानंतर दिवसभर पुन्हा डॉक्टर येतील का, याची वाट पाहायची.

लेप्टोची तपासणी धड हो नाही, धड नाही नाही, अशी आली. तरी सगळ्या खुणा जुळत होत्या आणि मी मागून घेतल्यासारखी त्याचीच इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या दिवशी मला फार निवांत वाटलं. जनार्दनना जे वेळेवर मिळालं नाही ते मला मिळतंय, असं वाटत होतं. पण ताप हलेना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग खोकला लागला आणि धाप लागायला लागली. रक्तातल्या पेशीही उतरल्या.

शेजारच्या खाटेवर खर्डीच्या पार्वतीबाई होत्या. पोटाचं ऑपरेशन झालेल्या, बोलायला मनाई असलेल्या आणि अखंड बोलणाऱ्या. माझ्या पेशींचं कानावर पडताच त्या उठून बसल्या.

"पेशी उतरल्या म्हंजी डेंगू. पपईच्या पानांचा रस द्या बाईंना."

"डेंगूची तपासणी झाली आजी, नाय निघाला," सुमन म्हणाली.

"तपासनीला काय कललं? माझ्या पुतन्याच्या उतरल्या, डेंगू. व्याह्याच्या उतरल्या, डेंगू. तुमा मुरबाडच्या लोकांना समजावाला गेलं का तुमी वाद घालता."

"आनि खर्डीचे?"

"आमी गरीब. आमी कोनाला कायच बोलत नाय."

सुमनला हसू आवरेना. मलाही हसू आलं, पण हसताना छातीत कळ आली आणि मला ऑक्सिजनची नळी लावावी लागली. त्या दुपारी मला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं की मी मरणार आहे. भीतीपेक्षा त्यात एक प्रकारचा ओळखीचा भाग जास्त होता. हाच दवाखाना, हाच आजार, हेच घर, तर शेवटही हाच. अनुमान बिनचूक वाटत होतं. डोळे मिटून मी ते मान्य करून टाकलं होतं.

कुणी लावला

संध्याकाळी सुमन माझं अंग पुसत होती. मला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला.

"वयनी, ह्यो कमरंवरचा अजून तसाच हाय. पायावरचे पार फिके झाले. ह्यो तुमी कवा लावला व्हता?"

मला बोलायला वेळ लागत होता. "मी? तूच लावलास ना."

"मी पोटऱ्यांना लावला. कमरंला कशाला लावू?"

"मी आयुष्यात बिब्बा हातात धरलेला नाही, सुमन."

"मग कोनी लावला?"

नळीचा फुसफुस आवाज येत होता. सुमनच्या हातातल्या कपड्यातून पाणी गळत होतं. तिने तो बादलीत टाकला आणि पदराला हात न पुसताच डॉक्टर बाईंना शोधायला धावली.

डॉक्टर बाई आल्या. वाकून डाग बघितला, मोबाइलचा उजेड पाडून पुन्हा बघितला. मग विचारलं, "गवतात, झुडपात गेला होता का ताप यायच्या आधी?"

"माळावर. बसले होते."

"हा बिब्बा नाही," त्या म्हणाल्या. "किडा चावलाय. दिसतसुद्धा नाही एवढा बारीक. चावलेला कळतही नाही." त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्क्रब टायफस. ते माझ्या वाचनात कुठेच आलं नव्हतं, कारण मी एकाच आजारावर वाचत होते. मग त्या म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं." हे त्या म्हणाल्या याचं मला अजून महत्त्व वाटतं.

तीच गोळी

औषध बदललं. खपलीवरूनच ओळखून दिलंय, रक्ताची तपासणी मागून येईल, असं त्यांनी सांगितलं. नर्स बाई गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आधी दोन घास खाऊन घ्या, नाहीतर मळमळेल."

किसनभावजी खाटेशी उभे होते. त्यांनी नर्स बाईंच्या हातातलं पाकीट घेतलं, उलटंसुलटं केलं.

"ही तर आपल्या डब्यातली."

"कुठल्या डब्यातली?"

"चायच्या. आशाताई आवणीला देतात ती."

"औषध तेच," नर्स बाई म्हणाल्या. "तिथे आठवड्याला एकदा असते, लेप्टो होऊ नये म्हणून. इथे रोज आहे, दुसऱ्या आजारावर."

भावजींनी पाकीट अलगद खाटेवर ठेवलं. मला दोन चमचे खिमट भरवलं. मी गोळी गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून उभे राहिले. मग बाहेर गेले. सुमन मागून गेली आणि तशीच परत आली. "जिन्यात बसलेत. बसू दे," ती म्हणाली.

गोळी घेतली असती तर जनार्दन वाचले असते का, असं मी नंतर डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही. शक्यता वाढली असती." मला हे उत्तर पुरलं. भावजींना पुरलं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ताप निम्म्यावर आला, तिसऱ्या दिवशी गेला. घाम आला, उशी भिजली आणि मला भूक लागली. पार्वतीबाईंनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं की शेवटी पपईनेच केलं. पपई मला कुणी दिलीच नव्हती.

घरी

घरी आल्यावर अशक्तपणा बरेच दिवस राहिला. केस गळले. शाळेत फळ्यावर लिहिताना हात खाली यायचा. ज्यांना या आजारातून उठायचंय त्यांना एवढंच सांगते, ताप गेला म्हणजे आजार संपला असं नसतं. लवकर बरं न वाटल्याबद्दल स्वतःवर चिडू नये.

आणि डॉक्टरांना सांगताना, जे दिसतंय, जे होतंय, ते आधी सांगावं. त्याचा आपण लावलेला अर्थ मागाहून सांगावा, आणि तो आपला अर्थ आहे हेही सांगावं. मला हे करता आलं असतं तर निदान तीन दिवस वाचले असते. उलट हेही खरं की सुमनने एक साधा प्रश्न विचारला नसता तर ते तीन दिवस शेवटचे ठरले असते.

गावात मात्र नवंच सुरू झालं. वयनीच्या गोळीनं कसलाही ताप जातो, अशी बातमी पसरली. लोक डबा मागायला यायला लागले. सुमनने एका शेजारणीला एक गोळी देऊनही टाकली. त्या शेजारणीला टायफॉइड निघाला. नशिबाने त्या दुसऱ्याच दिवशी मुरबाडला गेल्या होत्या. दुसरीकडे सुमन घरात येईल त्याच्या अंगावर काळा डाग शोधत होती. दिवाळीला मुलगे शहापूरहून आले तर अभ्यंगाच्या वेळी त्यांना तिने तीळ अन् तीळ तपासून सोडलं.

"आई, तो जन्मापासूनचा आहे," मोठा म्हणाला.

"कोन सांगतो? उजेडात ये."

मी डब्यातल्या उरलेल्या गोळ्या आशाताईंकडे परत दिल्या. जनार्दनच्या वाट्याच्याही त्यांतच होत्या. वेगळ्या काढाव्यात असं एकदा वाटलं होतं. काढल्या नाहीत.

आषाढ

यंदाची आवणी सुरू झाली. आशाताई आल्या. किसनभावजींनी गोळी घेतली ती भाकर खाऊन, माझ्यासमोर बसून. उलटी झाली नाही. पेला पालथा घातला आणि शेतावर गेले.

जनार्दनचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्या दिवसांत मी शाळेतून आले की ओट्यावर वह्या तपासत बसायचे. एका दुपारी भावजी शेतातून लवकर परतले. पाय धुतले नव्हते. खाली अंगणात उभे राहिले, आत येईनात.

"वयनी."

"काय झालं?"

"ताप आलाय मला."

सुमन आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. तिच्या तोंडावर आवणीचा ताप, लेप्टो आणि माळावरचा किडा, तिन्ही एकदम आलेले मला दिसले. मीही पेन खाली ठेवलं. आता ते म्हणतील, आवणीचाय. किंवा म्हणतील, लेप्टो. मी दोन्हींची वाट पाहत होते.

"कसला ते माहीत नाय," भावजी म्हणाले. "जाव का मुरबाडला?"

आमच्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"चला," मी म्हटलं. "मी येते बरोबर." सुमनने हात धुतले आणि जीपवाल्याला फोन लावला. भावजी चिखलाच्या पायांनीच ओट्याच्या कडेला टेकले. जीप येईपर्यंत आम्ही तिघं तिथे बसून होतो. कुणीही काही अंदाज केला नाही.